पद्मिनीचं इंजिन 'बोअर' केलं की गाडी खरंच पळायला लागते?

आजोबांची प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये धूळ खात पडलेली असते. एके दिवशी नातवाला हुक्की येते. गाडी गॅरेजला जाते आणि ऑर्डर सुटते, "मिस्त्री, बोअर मारून टाका, गाडी पळाली पाहिजे!"

पण बोअर मारून गाडी पळते का? चला, गणित करून बघू.

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. झाले १०८९ सीसी. आता व्यास १ मिलिमीटरने वाढवला, तर होतात साधारण ११२२ सीसी. म्हणजे वाढ फक्त ३ टक्के! मूळ ताकदच ४० हॉर्सपॉवरच्या आसपास, त्यात भर पडणार जेमतेम एकाची.

मग बोअर करतात कशाला? वर्षानुवर्षं घासून सिलिंडर अंडाकृती होतो. रिंगा नीट बसत नाहीत, दाब निसटतो, ऑइल जळतं आणि मागून निळा धूर निघतो. बोअर करून मोठे पिस्टन बसवले की गोलाई परत येते आणि हरवलेली ताकदही.

म्हणून इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर बहुतेक वेळा रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. नाही वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर संशय घ्या. कदाचित बोअरचा खर्चच वाचेल!

जास्तीची ताकद हवी असेल तर ती हेडमध्ये शोधावी लागते. व्हॉल्व्ह नीट बसवणं, हवेच्या वाटा साफ करणं, कार्बोरेटर जुळवणं, मोकळा एक्झॉस्ट. हेड थोडं घासून कॉम्प्रेशनही वाढवता येतं. पण हाव नको! दाब फार वाढला की कोपऱ्यातलं मिश्रण ज्वाला पोहोचायच्या आधीच आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो.

आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. त्यामुळे पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालेल असेच घ्या. इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. उतारावर सारखे दाबले की ते तापतात आणि पकड सुटते. त्यामुळे इंजिनला हात लावण्याआधी ब्रेक लायनर, सिलिंडर, पाइप आणि टायर नवे करा.

गाडी पळवायची हौस जरूर करा. पण आधी ती थांबते का, ते बघा!