पेशंटला बिडी?

नर्सिंगचे शिक्षण म्हणजे सदा गंभीर काम, असे घरच्यांना वाटते. पण त्या वर्गातही हशा पिकतो. मराठी शाळेतून आलेली एखादी मुलगी औषधाच्या कागदावर 'बी.डी.' वाचते आणि चक्रावते. पेशंटला जेवणानंतर बिडी? सारा वर्ग खो खो हसतो. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. अर्थ, दिवसातून दोन वेळा. 'टी.डी.एस.' म्हणजे तीन वेळा.

नाडी मोजताना तर आणखी गंमत. डमीचे मनगट अंगठ्याने दाबून एखादी सांगते, "मॅडम, ७२!" मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते, तेव्हा आकडा अगदी बरोबर. पण डमीला नाडी कुठली? ठोके तिच्याच अंगठ्याचे! म्हणूनच नाडी अंगठ्याने नव्हे, बोटांनी पाहायची.

लाजेचे प्रसंग वेगळे. शरीराच्या ज्या भागांची नावे घरात कुणी काढत नाही, ती इथे मोठ्याने म्हणावी लागतात. माना खाली जातात, कुणी रुमालाआड हसते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची स्वच्छता करायची, तर ही लाज सोडावीच लागते.

हसायला हरकत नाही. मात्र सगळ्या हसतील म्हणून शंका गिळणे वाईट. दोनदा द्यायचे औषध तीनदा गेले, तर वॉर्डात कुणी हसत नाही. तेव्हा आयाबहिणींनो, लेक सुट्टीत घरी आली की मार्क विचाराच, पण "वर्गात काय विचारलंस गं?" हेही विचारा.