५५० या आकड्याच्या पोटात काय दडलंय?

जालन्याच्या मोंढ्यातला एक मुलगा आडत दुकानाच्या वेबसाइटवर सोयाबीनचे आजचे भाव चढवतोय, असं समजा. पासवर्ड बरोबर, सर्व्हरनं आत घेतलं. पण फोल्डर उघडायला गेला, तर उत्तर आलं: ५५०. कालचं फोल्डर आज गेलं कुठे?

अशा वेळी बरेच जण पासवर्ड बदलायला धावतात. अहो, निदान तर त्या तीन आकड्यांतच लिहिलंय! पहिला ५ म्हणजे काम झालं नाही, आणि काही न बदलता पुन्हा मागून होणारही नाही. तिथे ४ असता, तर थोड्या वेळानं पुन्हा बघायचं. मधला आकडा बिघाडाची जागा दाखवतो: २ म्हणजे जोडणी, ३ म्हणजे ओळख, ५ म्हणजे फाइली. म्हणून ५३० ला पासवर्ड तपासायचा, ४२५ ला फायरवॉल आणि ५५० ला फोल्डर. केवढी ही शिस्त!

फाइली चढवण्या-उतरवण्याची ही पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला मसुदा १६ एप्रिल १९७१ चा. तो लिहिला अभय भूषण यांनी. जन्म अलाहाबादचा, शिक्षण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीत, आणि मसुदा लिहिला तेव्हा ते अमेरिकेत एमआयटीत होते. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. म्हणजे एफटीपी आपल्या जिल्ह्याहून दहा वर्षांनी थोरली!

आता फोल्डरकडे वळू. सर्व्हरवरच्या सगळ्या फोल्डरांचं मूळ म्हणजे '/'. पण आपल्या मुलाला दिसणारा '/' तो नव्हेच! 'सीएचरूट' नावाची सोय युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. तिच्या जोरावर सर्व्हर त्याचं घरचं फोल्डरच त्याला मूळ म्हणून दाखवतो. खरा पत्ता '/होम/आडत/भाव' असला, तरी त्याच्यापुरता तो फक्त '/भाव'. पूर्ण पत्ता टाकला की ५५०! डिस्क एकच, पण ज्याचं त्याचं मूळ वेगळं.

पत्ता बरोबर असूनही अडलं तर? मग परवानग्या बघायच्या. जुन्या वाड्यात माजघर सताड उघडं असलं, तरी देवडीवरच अडवलं तर आत कसं जाणार? तसंच वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्स'ची, म्हणजे आत शिरण्याची, परवानगी लागते. गंमत बघा: नुसती 'आर', म्हणजे वाचण्याची परवानगी, असेल तर आतली नावं वाचता येतात, पण एकही फाइल उघडत नाही. नुसता 'एक्स' असेल तर यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असेल तर थेट पोचता येतं!

वाटेतला कुठला टप्पा अडवतोय हे शोधायला लिनक्सवर 'नेमआय -एल' ही आज्ञा आहे. ती एकेका फोल्डरची मालकी आणि परवानगी एकेका ओळीत मांडते. जिथे 'एक्स' नाही, तिथेच दुरुस्ती करायची.

वैतागून सगळ्यांना ७७७, म्हणजे सगळ्या परवानग्या, मात्र देऊ नका. सीएचरूटचं मूळ फोल्डरच लिहिण्याजोगं असेल, तर व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर सुरक्षेसाठी सहसा आतच घेत नाही. परवानगी वाढवली म्हणून प्रवेश बंद!