पाहुण्यांसह 'सौभद्र'

बोईसरास राहणाऱ्या माणसानें पाहुण्यांना संगीत नाटक दाखवावयाचें म्हटलें म्हणजे नाटकाच्या जाहिरातीबरोबर रेल्वेचें वेळापत्रकहि हाताशीं ठेवावें लागतें. डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या २०१३ पासून धांवूं लागल्या खऱ्या. परंतु रात्रीं विरारच्या पलीकडे जाणाऱ्या मोजक्याच.

तारापुरास माझ्यासमवेत नोकरी केलेले एक गुजराती स्नेही मागील हिवाळ्यांत सुरतेहून सपत्नीक आले होते. आम्हीं त्यांना पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहांत 'सौभद्र' पाहावयास नेलें. पहिला अंक संपतांच वहिनींनीं विचारलें, "भाऊ, हीं माणसें बोलतां बोलतां मध्येंच गातात कां?"

प्रश्न रास्त होता. जुन्या नाटकांत पात्रांच्या वतीनें सूत्रधार गात असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' व १८८२ सालीं 'सौभद्र' रंगभूमीवर आणलें, तेव्हां पदें पात्रांच्याच तोंडीं घातलीं. गाणें हें संभाषणच झालें. साकी, दिंडी, लावणी, कीर्तन यांतल्या घरोघरीं ठाऊक असलेल्या चाली त्यांनीं घेतल्या. म्हणून शंभराहून अधिक पदें असूनहि कथा अडत नसे. पुढें १९११ च्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंब्यांनीं ठुमरीच्या ढंगाच्या चाली दिल्या, १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं रागदारीच्या. नट गवई झाला, 'वन्समोअर' वाढले, आणि कथेला विंगेंत ताटकळावें लागलें. मला दोन्ही सुखें हवींत. पण नवख्या पाहुण्यास प्रथम 'सौभद्र'च दाखवावें.

बलराम आपली बहीण दुर्योधनास देऊं पाहतो, आणि ज्या संन्याशाची सेवा करावयास तिला सांगतो तो असतो अर्जुन! एवढें समजल्यावर वहिनींना भाषेची अडचण उरली नाहीं. ऑर्गनचा स्वर लागला कीं आमच्या आधीं त्याच हंसत.

शेवटच्या अंकांत मीं घड्याळ पाहिलें. बसलों तर गाडी चुकणार, उठलों तर भैरवी जाणार. स्नेह्यांचें वय पाहून आम्ही उठलों. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, त्याचेंच मला अधिक वाईट वाटलें.

विरारला गाडी बदलली. वैतरणेचा पूल ओलांडतांना त्या म्हणाल्या, "मग त्या संन्याशाचें पुढें काय झालें?"

सफाळ्यापासून मीं सांगावयास आरंभ केला. पालघरास बलरामाचा राग उतरला, आणि सुभद्रेचें लग्न उमरोळीच्या थोडें पुढें, बोईसरचे दिवे दिसूं लागले तेव्हां लागलें.