'रन' म्हणजे फक्त धावणे नव्हे

"लांबलचक इंग्रजी शब्द अवघड, आखूड शब्द सोपे."

हा समज शाळेतच पक्का होतो, कारण घोकावे लागतात ते लांब शब्द. पण 'फोटोसिंथेसिस'चा अर्थ एकदा कळला की काम संपले. अर्थांची दाटी होते ती उठताबसता वापरल्या जाणाऱ्या शब्दांत. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने वापर आणि अर्थसंख्या यांचे हे नाते १९४५ मध्येच दाखवले होते. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढच्या आवृत्तीसाठी 'रन' तपासायला घेतले, तेव्हा संपादक पीटर गिलिव्हर यांचे नऊ महिने त्यातच गेले आणि एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. धावतो माणूस, पण इंग्रजीत नळ, सर्दीने गळणारे नाक, धुण्यात उतरणारा रंग, निवडणुकीतला उमेदवार आणि इंजिन या सगळ्यांना हेच क्रियापद पुरते.

"कोशात पहिला दिलेला अर्थ खरा, बाकीचे दुय्यम."

समोर १ हा आकडा दिसला की तसे वाटणारच. पण ऑक्सफर्डच्या या मोठ्या कोशात अर्थांचा क्रम काळाचा असतो, जुना आधी. त्या न्यायाने 'नाइस'चा खरा अर्थ 'अडाणी, मूर्ख' ठरेल, कारण लॅटिनमधून आलेल्या या शब्दाची सुरुवात तिथूनच झाली. आज कोणाच्या स्वयंपाकाला त्या अर्थाने 'नाइस' म्हणून पाहावे! 'कोबिल्ड'सारख्या, शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांची (पहिला 'कोबिल्ड' १९८७ चा) भिस्त प्रत्यक्ष वापराच्या नमुन्यांवर असते. कोश कोणत्या पद्धतीचा, हे त्याच्या प्रस्तावनेत दिलेले असते. ती सहसा कोणी वाचत नाही.

"संदर्भावरून अर्थ लावणे म्हणजे अंदाजपंचे."

मुळीच नाही. वाक्याची घडणच बहुतेक अर्थ बाद करते. 'रन'चे कर्म कंपनी असेल तर ती चालवली जाते. 'रन इंटू'पुढे मित्र आला तर अचानक गाठ पडते, भिंत आली तर टक्कर होते. 'रन आउट' झालेला फलंदाज धावचीत असतो. 'रन आउट'ला 'ऑफ' जोडून पुढे पेट्रोल ठेवले की टाकी रिकामी. इंग्रजीच तेवढी विचित्र, असेही नाही. गाडी फलाटाला लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. कोणाला उलटी होणार, याबद्दल मराठी माणसाच्या मनात गोंधळ होत नाही. परक्या भाषेत तेच नियम अजून अंगवळणी पडलेले नसतात, म्हणून ते अंदाज वाटतात.

"स्पेलिंग एक, म्हणजे शब्द एक."

डोळ्यांना तसेच दिसते. पण भारतीय पासपोर्टवरची राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती वाचावी. धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे, असे तिच्या इंग्रजी मजकुरात आहे. 'लेट' म्हणजे परवानगी देणे एवढेच ठाऊक असेल, तर परवानगीशिवाय जाऊ द्या असा उफराटा अर्थ निघतो. हा 'लेट' वेगळाच आहे. अडवणे या अर्थाचे एक जुने इंग्रजी क्रियापद होते; उच्चार बदलत जाऊन ते परवानगीच्या 'लेट'सारखे दिसू लागले. टेनिसमध्ये जाळीला चाटून गेलेल्या सर्व्हिसला पंच 'लेट' म्हणतात, तोही हाच अडथळ्याचा.

"इंग्रजी ज्यांची मातृभाषा, त्यांचा तरी घोळ होत नाही."

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांचा झाला. ब्रिटिशांना एक टिपण तातडीने चर्चेला घ्यायचे होते, म्हणून ते 'टेबल' करू या, असे त्यांनी सुचवले. अमेरिकनांच्या लेखी 'टेबल' करणे म्हणजे विषय बाजूला टाकणे. दोघांनाही हवे होते तेच, तरी बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नोंदवले आहे. भारताची संसद ब्रिटिश वळणाची, म्हणून इथे पटलावर ठेवलेला कागद सभागृहासमोर आलेला असतो. अमेरिकन काँग्रेसच्या बातमीत प्रस्ताव 'टेबल' झाला असेल, तर तो बहुधा बासनात गेला असे समजावे.