सायकलमार्ग गावापर्यंत पोहोचवायचा तर

आजचा प्रश्न साधा आहे. शहरातून निघालेला, मोटाररस्त्यापासून वेगळा असलेला सायकलमार्ग शेजारच्या खेड्यापर्यंत वाढवायचा असेल, तर काय काय करावं लागतं? उदाहरणाला हुणसूर घेऊ.

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघालं की साधारण 45 किलोमीटरवर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी हे तालुक्याचं ठिकाण लागतं. तंबाखू आणि लाकूड यांच्या व्यापारासाठी ते ओळखलं जातं. राष्ट्रीय महामार्ग 275 इथूनच जातो. शाळा, कॉलेज, दवाखाना, बाजार, सगळ्यासाठी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं इथे येतात.

आता हिशेब करा. खेडं पाच किलोमीटरवर असेल, तर पायी एक तास लागतो. ताशी 15 किलोमीटरच्या निवांत वेगानं सायकल चालवली, तर 20 मिनिटं. हा फरक केवढा मोठा असतो, ते बिहारमध्ये दिसलं. तिथे 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत 40 टक्क्यांनी घटली. सगळ्यात जास्त फायदा झाला तो शाळा लांब असलेल्या गावांना. कर्नाटकानंही 2006-07 मध्ये आठवीसाठी सायकल योजना सुरू केली.

पण सायकल दिली म्हणजे वाट दिली असं होत नाही. ट्रक आणि सायकल एकाच डांबरावर असतील, तर आईबाप मुलीला पाठवायला कचरतात, आणि त्यांचं चुकत नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. याच 275 क्रमांकाच्या महामार्गाच्या बंगळूर ते म्हैसूर टप्प्यात 1 ऑगस्ट 2023 पासून मुख्य रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि सायकलींना बंदी आहे. म्हणजे धोका सरकारलाही मान्य आहे. मग सायकलवाल्यानं जायचं कुठून, याचंही उत्तर हवं.

समजा, हुणसूरहून निघालेला दोन किलोमीटरचा मार्ग तयार आहे आणि उरलेले तीन किलोमीटर करायचे आहेत. पहिलं काम जागेचं. महामार्गाच्या कडेची जमीन एका खात्याची, कालव्याच्या बांधावरची वाट दुसऱ्याची, शिवारातला गाडीरस्ता पंचायतीचा. सगळ्यांची संमती एकाच आराखड्यावर मिळवावी लागते. नवी जमीन घेण्यापेक्षा आहे तो बांध किंवा गाडीरस्ता वापरणं स्वस्त पडतं.

दुसरं, रुंदी. चालत्या सायकलला डुलण्यासकट सुमारे एक मीटर लागतो. समोरासमोर दोन सायकली जायच्या तर दोन मीटर ही अगदी कमीत कमी रुंदी झाली. दप्तरं, दुधाच्या किटल्या, पुढे निघू पाहणारा एखादा, हे धरलं तर तीन मीटर बरे.

तिसरं, पाणी. पावसाळ्यात चिखल झाला की सायकलवाला पुन्हा हमरस्त्यावर येतो. म्हणून मार्गाला एका बाजूला हलका उतार, कडेला चर आणि प्रत्येक ओहोळावर मोरी हवी.

चौथं आणि सगळ्यात अवघड, चौक. मार्ग हमरस्ता ओलांडतो तिथे वाहनांचा वेग कमी करावा लागतो. त्यासाठी उंचवटा, अरुंद केलेला रस्ता, मधे थांबायला दुभाजकात जागा आणि उजेड लागतो. अपघात बहुधा अशाच ठिकाणी होतात, आणि खर्च वाचवायचा म्हणून नेमकी हीच कामं गाळली जातात.

पुण्याचा अनुभव इथे आठवावा. 2017 च्या आराखड्यात 824 किलोमीटर सायकलमार्गांचं जाळं मांडलं होतं. प्रत्यक्षात पुण्यात सायकलमार्ग आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. कुठे मधेच खांब, कुठे दुचाक्या लावलेल्या, कुठे मार्गच संपलेला. हैदराबादेत 2023 मध्ये बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगत 23 किलोमीटरचा सौर छताचा मार्ग खुला झाला. त्याला सावलीही आहे. पण रोज शाळेला जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीनं प्रश्न वेगळाच असतो: हा मार्ग माझ्या घराजवळून निघून शाळेच्या फाटकापर्यंत जातो का?

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच असते. साडेचार किलोमीटर सुरेख वाट आणि शेवटचा अर्धा किलोमीटर ट्रकांमधून, असं असेल तर मुलगी त्या वाटेनं जाणार नाही. मग रिकामा मार्ग पाहून लोक म्हणतील, बघा, कुणी वापरतच नाही.

तुमच्या गावात अशी मागणी करायची असेल, तर अर्ज लिहिण्याआधी एक काम करा. शाळा भरायच्या वेळी आठवीतल्या मुलांबरोबर ती वाट सायकलनं जा. ती जिथे जिथे उतरून सायकल हातात धरतात, त्या जागा नकाशावर मांडा. आराखड्याची सुरुवात तिथून होऊ द्या. पुढच्या भागात भेटू.