विश्लेषण : कागद कारखान्यातला कामगार पन्नाशीनंतर कादंबरीकार कसा झाला?

टॉम हॉलंडचा ‘द डेव्हिल ऑल द टाइम’ (२०२०) हा चित्रपट नेटफ्लिक्सवर पाहिला असेल, तर त्यातला निवेदकाचा आवाज आठवत असेल. तो आवाज कुणा नटाचा नाही. तो मूळ कादंबरीचे लेखक डोनाल्ड रे पोलॉक यांचा आहे.

पोलॉक कोण आहेत?

अमेरिकेच्या पूर्व भागात अॅपलाचिया हा डोंगराळ पट्टा आहे. त्याच्या कडेला, दक्षिण ओहायोतल्या नॉकमस्टिफ या छोट्या वस्तीत १९५४ साली जन्मलेले पोलॉक वाढले. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते मांस प्रक्रिया कारखान्यात लागले. पुढे जवळच्या चिलिकॉथी शहरातल्या कागद कारखान्यात त्यांनी ३२ वर्षे मजूर आणि ट्रकचालक म्हणून काम केलं. त्यांचे वडीलही त्याच कारखान्यात होते.

लिहायला कसे लागले?

वयाच्या ४५व्या वर्षी त्यांनी लेखन शिकायचं ठरवलं. हेमिंग्वे, जॉन चीव्हर यांच्यासारख्या लेखकांच्या कथा ते शब्दन् शब्द टाइप करून काढत. कथा कशी बांधली जाते, हे त्यातून उमगत गेलं. पन्नाशीत नोकरी सोडून त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. २००८ मध्ये पहिला कथासंग्रह आला. त्याचं नाव गावाचंच : ‘नॉकमस्टिफ’. २०११ मध्ये ‘द डेव्हिल ऑल द टाइम’ आणि २०१६ मध्ये ‘द हेवनली टेबल’ या कादंबऱ्या आल्या.

इतकी हिंसा कशासाठी?

दारू, मारहाण, खून, धर्माचं वेड असं सगळं या पुस्तकांत आहे. ‘डेव्हिल’मधला विलर्ड हा युद्धावरून परतलेला सैनिक. बायकोचा कर्करोग बरा व्हावा म्हणून तो जंगलात प्रार्थना करतो, प्राण्यांचे बळी देतो. ती वाचत नाही आणि त्याचे भोग मुलाच्या वाट्याला येतात.

गरीब डोंगरी माणसं म्हणजे रानटी, अशी अमेरिकेत जुनी प्रतिमा आहे. अशा कथांनी तीच पक्की होते का, हा प्रश्न रास्त आहे. पण पोलॉक पात्रांची टिंगल करत नाहीत. त्यांची बहुतेक माणसं कुठून तरी सुटू पाहतात आणि अडकून पडतात. ते अडकलेपण त्यांनी ३२ वर्षे कारखान्याच्या पाळ्यांत जवळून पाहिलं होतं. म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत क्रौर्याइतकीच माणसांची हतबलताही दिसते.