जुन्या आठशेची नाडीपरीक्षा

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत अनेक पेढ्यांच्या दारात स्कूटरच्या शेजारी उभी राहिलेली पहिली चारचाकी हीच होती. पुढे घरात मोठी गाडी आली, तरी कित्येक कुटुंबांनी आठशे विकली नाही. पेठेतल्या बोळांतून दुकान गाठायला आणि मार्केट यार्डात गर्दीत उभी करायला तिच्याइतकी सोयीची गाडी मिळत नाही. मात्र महिन्यात दोन-तीनदा गॅरेजची वारी घडली की घरात सूर निघतो, ‘आता भंगारात काढा.’ हा निर्णय गाडीच्या वयापेक्षा चुकीच्या निदानावर झालेल्या खर्चापोटीच अधिक वेळा घेतला जातो.

वास्तविक या गाडीचे यंत्र साधे आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, जुन्या गाड्यांत कार्बुरेटर आणि नंतरच्या गाड्यांत एमपीएफआय पद्धतीची इंधनव्यवस्था. दोष शोधणे अवघड नाही. परंतु दोष शोधण्याऐवजी सुटा भाग बदलून पाहण्याची प्रथा बोकाळली आहे आणि तिचे बिल मालकाच्या नावे पडते.

सकाळी गाडी सुरू न होणे, ही सर्वांत सामान्य तक्रार. अशा वेळी बहुतेक ठिकाणी प्रथम बॅटरी बदलली जाते. चार दिवसांनी तीच तक्रार आली की सेल्फ उतरवला जातो, त्यानंतर अल्टरनेटर. अखेरीस कोणी जाणता कारागीर इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी उघडून पाहतो, तर ती गंजून तिच्या दोन-चार तारा उरलेल्या असतात! एका पट्टीसाठी तीन भागांचा खर्च होऊन गेलेला असतो.

हे टाळण्याची रीत सोपी आहे. हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे विझल्यासारखे मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडण्या सैल वा गंजलेल्या आहेत. दिवे प्रखर राहिले आणि नुसता ‘टक्’ असा एकच आवाज आला, तर संशय सेल्फकडे वळतो. इंजिन व्यवस्थित फिरते पण पेट घेत नाही, अशी स्थिती असेल तर बॅटरी निर्दोष समजावी आणि ठिणगी व पेट्रोल यांची तपासणी करावी. साधा मल्टिमीटर घरात असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल, तर ती पुरेशी भारित आहे. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो तेथवर चढत नसेल, तर चार्जिंग होत नाही आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक व इंजिनचा धातू यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. टर्मिनलवर साठलेली पांढरी-हिरवी पूड कोमट पाणी व खाण्याचा सोडा यांनी निघते. जोडणी सोडताना ऋण टोक आधी आणि जोडताना ते शेवटी, हा क्रम पाळावा.

दुसरी मोठी तक्रार इंजिन तापण्याची, आणि येथे दुर्लक्ष खरोखर महाग पडते. काटा लाल रेघेकडे सरकताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. ‘दुकान दोनच किलोमीटरवर आहे’ हा हिशेब करू नये. त्या दोन किलोमीटरमध्ये सिलिंडर हेड वाकू शकते. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, उकळते पाणी दाबाने तोंडावर उसळते.

गाडी कोठे तापते, यावरून कारण उमगते. सिग्नलला व गर्दीत तापते पण मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरचा पंखा फिरत नाही. प्रथम फ्यूज पाहावा. मग पंख्याच्या थर्मोस्विचच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून पाहाव्यात. पंखा फिरला तर मोटर ठीक असून स्विच निकामी आहे. मोकळ्या रस्त्यावरही तापत असेल, तर कूलंट कमी होणे, रेडिएटर तुंबणे किंवा वॉटर पंप यांपैकी एक कारण असते. वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरलेल्या गाडीत रेडिएटर तुंबणारच. गळती दिसत नाही, कूलंट मात्र घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, तर हेड गॅसकेट तपासावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून लगेच घाबरू नये. थंडीत रोज अगदी थोडे अंतर चालणाऱ्या गाडीत तो केवळ दमटपणामुळेही येतो.

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा जो ‘उपाय’ सर्रास केला जातो, तो मान्य करण्याजोगा नाही. त्यामुळे इंजिनला योग्य उष्णता मिळण्यास वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते आणि मूळ दोष झाकला जातो. काढलेला थर्मोस्टॅट गरम पाण्यात धरून पाहावा. पाणी उकळण्यापूर्वी तो उघडत असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही.

मायलेज घटल्याची तक्रार घेऊन जाण्यापूर्वी टायरमधील हवा व एअर फिल्टर पाहावा. दहा किलोमीटर चालवल्यावर एकच चाक इतरांपेक्षा फार गरम लागत असेल, तर त्याचा ब्रेक अडकलेला आहे. प्लग काढला असता त्याचे टोक फिकट तपकिरी दिसावे. काळी काजळी म्हणजे पेट्रोलचे प्रमाण जास्त. कार्बुरेटरच्या गाडीत चोक अर्धवट अडकल्यानेही हेच होते.

आवाजांबाबत थोडक्यात. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना ‘टकटक’ आली, तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे. त्यावरील रबरी बूट फाटताच बदलला असता, तर जॉइंट वाचला असता. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. क्लच घसरतो असे वाटल्यास प्लेट बदलण्याआधी क्लच केबलचा ताण तपासून घ्यावा.

ब्रेकमध्ये मात्र काटकसर नको. ब्रेक ऑइलची पातळी उतरत असेल तर नुसती भर घालून पुढे जाऊ नये. पॅड झिजले आहेत किंवा कोठेतरी गळती आहे, दोन्ही शोधलेच पाहिजे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. तितकेच लक्ष पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे हवे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते आणि आठशेच्या नळ्या व वॉशर त्या काळी याचा विचार करून बनवलेले नव्हते. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, तर ती त्याच दिवशी दाखवावी.

जी कुटुंबे पै-पैची खतावणी ठेवतात, त्यांच्या गाडीची मात्र नोंद कोठेच नसते, हे आश्चर्यच. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक लहान वही असावी. तारीख, किलोमीटर, लक्षण, बदललेला भाग व रक्कम, एवढेच लिहावे. गाडी कारागिराकडे देताना ‘क्लच प्लेट टाका’ असे न सांगता ‘चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिन गरजते, वेग वाढत नाही’ असे लक्षण सांगावे आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही.

गाडी ठेवावी की काढावी, याचा निर्णय इंजिनपेक्षा पत्र्यावर करावा. इंजिनचे सर्व भाग दुरुस्त होतात, परंतु खालचा सांगाडा गंजला तर तो अपघातात माणसाला राखत नाही. खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण घ्यावे लागते व महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. ही रक्कम भरण्यापूर्वी चालकाच्या पायांखालची चटई उचलून, दारांखालच्या पट्ट्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर कर भरावा. आवाज बद्द आला आणि टोक दाबताच पत्र्याचे पापुद्रे सुटू लागले, तर तो पैसा नव्या गाडीसाठी राखून ठेवावा.